खेळ, श्रेयांक आणि घर

मराठी टीकेने नाटक, कादंबरी, चित्रपट, गायन या सर्वांचा आजवर यथास्थित समाचार घेतला आहे. पण पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांना तिने अजून ओसरीवरही बसू दिलेले नाही. या खेळांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते डॉक्टरांच्या सदरात, पालकांच्या पत्रव्यवहारात, नाही तर पोलिसी बातम्यांत. रोग, चिंता आणि गुन्हा ही तीन खाती सोडली तर या विषयाला चौथे खातेच नाही. वास्तविक गोंदियाच्या बाजारात, आमगावच्या बसथांब्यावर किंवा सालेकशाकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात ज्या वस्तूवर इतक्या माना वाकलेल्या दिसतात, ती वस्तू मुळात घडविली आहे तरी कशी, एवढा साधा प्रश्न कोणी तरी विचारावयास हवा. ती चांगली की वाईट, हे त्यानंतर पाहू. आणि ‘कशी घडविली आहे’ हा प्रश्न डॉक्टरचा नव्हे, फौजदाराचा तर नव्हेच. तो टीकाकाराचा आहे.

पालकांची मुख्य तक्रार आधी घेऊ. मुलगा रात्र रात्र जागतो, अशी ती तक्रार आहे. आता ही तक्रार झाडीपट्टीत बसून करणे थोडे धाडसाचेच म्हटले पाहिजे. भाऊबीज आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत गावोगावच्या मंडया सुरू होतात. सोयरेधायरे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री नाटक असते. पूर्वी दंडार असे, खडीगंमत असे. आज वडशाच्या नाटकमंडळ्या पार होळीपर्यंत गावे फिरत असतात. रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेपर्यंत मिटत नाही, आणि आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारे घर त्या मंडपात बसलेले असते. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने टाळ्या वाजविल्या. त्यांच्या नाटकांनी आपली झोप मोडली म्हणून कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा जागरण हा काही दोष नव्हे. दोष असलाच तर तो दुसरीकडे आहे.

कोणी म्हणेल, तिकडे माणसे असतात, इकडे यंत्र. हेही पुरते खरे नाही. गावातली चार पोरे चार घरांत बसून एकाच डावात खेळत असतात आणि एकमेकांशी अखंड बोलत असतात. (काय बोलतात, ते छापण्याजोगे नसते, पण मंडईच्या नाटकातला विनोदही कोठे सोवळा असतो!) माझ्या मते भेद आहे तो इतकाच की नाटक संपते. कितीही सामान्य नाटक असो, त्याला शेवटचा अंक असतो. खलनायकाचा निकाल लागतो, ताटातूट झालेली माणसे भेटतात, दिवे मालवतात आणि लोक धानाच्या बांध्यांतून घरोघर परततात. परतताना ते नाटकाविषयी बोलतात. वस्तू संपल्याखेरीज तिच्याविषयी बोलता येत नाही; ती चालू असते तोवर आपण तिच्या आत असतो.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची जी कल्पना मांडली, ती १९५५ पासून आपल्या टीकेच्या बाजारात पुष्कळ हाताळली गेली आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांनी घटक एकमेकांशी बांधले जातात आणि त्या बांधणीतून आकार निर्माण होतो, अशी ती कल्पना. तिच्यावर आक्षेप पुष्कळ आहेत. साहित्याला ती अपुरी पडते, कारण शब्दांना अर्थ असतो आणि अर्थाला माणसे चिकटलेली असतात. परंतु गंमत अशी की ज्या कलाप्रकाराची मर्ढेकरांना कल्पनाही असणे शक्य नव्हते, त्याला ती चपखल बसते. मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव याने १९८४ साली रचलेला ‘टेट्रिस’ घ्या. वरून निरनिराळ्या आकारांच्या विटा पडतात, त्या फिरवून एकमेकींत बसवावयाच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. यात गोष्ट नाही, पात्र नाही, उपदेश तर मुळीच नाही. एक वीट दुसरीशी जुळते, तिसरी जुळत नाही, आणि जुळणे व न जुळणे यांतून क्षणभर टिकणारा तोल साधला जातो. नोकियाच्या फोनवर १९९७ साली आलेला सापाचा खेळही याच जातीचा. आज चाळिशीत असलेल्या किती तरी गृहस्थांनी तो खेळला आहे. त्यात जितके खावे तितकी शेपूट लांबते आणि शेवटी आपली शेपूटच आपल्या वाटेत येते. दोन्ही खेळ जिंकता येत नाहीत. पण प्रत्येक डाव संपतो. पाच मिनिटांत संपो की पंधरा, तो संपतो आणि हातातली वस्तू खाली ठेवता येते.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ साली खेळाची जी मीमांसा केली तिच्यात त्याने हाच मुद्दा वेगळ्या वाटेने गाठला होता. खेळ हा नित्याच्या व्यवहारातून काळाची आणि जागेची एक चौकट बाजूला काढतो, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडच्या शंकरपटाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. दाणीची लांबी ठरलेली, बैलजोडीला धावावयास काही सेकंद, निशाण पडले की निकाल. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबविल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. बैलांच्या हालअपेष्टांचा प्रश्न गंभीर होता आणि तो न्यायालयात गेला हे योग्यच झाले. परंतु शंकरपट कधी संपतच नाही, अशी तक्रार त्या खटल्यात कोणी केली नाही.

आता ज्या खेळाने पालकांची झोप उडविली त्याकडे वळू. पब्जी या नावाने तो आला, २ सप्टेंबर २०२० रोजी त्याच्यावर बंदी आली, पुढे २०२१ मध्ये नाव बदलून भारतासाठी म्हणून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा प्रकटला. हा इतिहास एखाद्या फिरत्या नाटकमंडळीला शोभण्यासारखा आहे. खेळाची रचना मात्र, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, विलक्षण सुघड आहे. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उतरतात. प्रत्येकजण रिकाम्या हाताने. बेटावर एक वर्तुळ आखलेले असते आणि ते हळूहळू लहान होत जाते. बाहेर राहील तो मरेल. त्यामुळे दूर दूर विखुरलेली माणसे अपरिहार्यपणे एकमेकांच्या समोर येतात. सुरुवातीचा विस्तार, मधला शोध, शेवटी एखाद्या शेताच्या तुकड्यावर दोघे किंवा तिघे. नाटककाराला जे दोन अंक खपून साधावे लागते, ते या वर्तुळाने केवळ भूमितीच्या बळावर साधले आहे. आणि अर्ध्या तासाच्या आसपास सारे संपते. खेळात हिंसा आहे म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी महाभारताचे युद्ध अठरा दिवस चालले होते हे आठवावे.

मग बिघडते कोठे? डाव संपला की खरा प्रकार सुरू होतो. पडद्यावर पेट्या उघडतात, पदव्या मिळतात, ‘हंगाम संपावयास तीन दिवस उरले’ अशी सूचना झळकते, रोज हजेरी लावल्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास मालिका तुटते. कपडे, बंदुकांचे रंग, टोप्या यांचा बाजार मांडलेला असतो. यातल्या कशाचाही त्या बेटाशी, त्या वर्तुळाशी, खेळणाऱ्याच्या कौशल्याशी संबंध नाही. मी या दोन गोष्टींना दोन नावे देतो: डाव आणि दुकान. डाव ही रचना आहे. तिला आदि, मध्य, अंत आहे. दुकानाला अंत असूच शकत नाही, कारण दुकानदाराला गिऱ्हाइकाने जावे असे वाटत नाही. आपल्या पिढीची सारी चर्चा चुकते ती इथे. पालक डावाला शिव्या देतात आणि मुले डावाची बाजू घेऊन भांडतात. दुकान दोघांच्याही नजरेतून सुटते.

सॉफ्टवेअर रचणाऱ्यांच्या धंद्यात हा शेवट काढून टाकण्याची विद्याच तयार झाली आहे. पूर्वी संगणकाच्या पडद्यावर पान संपत असे. पुढचे पाहिजे तर बोट उचलून पुढचे पान मागावे लागे. २००६ साली एझा रस्किन नावाच्या अमेरिकन रचनाकाराने पान न संपता खाली खाली वाहत राहील अशी युक्ती काढली, आणि पुढे तिच्या परिणामांविषयी त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. पोथीत अध्याय संपतो तेव्हा वाचणारा दिवा सारखा करतो, ऐकणारी बाई उठून चुलीकडे पाहून येते. अध्यायाचा शेवट हा वाचकाला दिलेला मान आहे. ‘तू उठू शकतोस’ एवढे ते सांगतो.

सारेच रचनाकार दुकानदार आहेत असे नाही, हे आपल्याच राज्यातल्या एका कृतीवरून दिसते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता. खेळाचे कथानक दिवाळी अंकाच्या वाचकाला परके वाटू नये. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही सर्कशीत कसरती करणारी पोरकी भावंडे; राक्षस गोलूला पळवून नेतात; दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन बहीण त्याला शोधावयास निघते. आपल्याकडे ओवाळणीच्या गाण्यांत बहीण भावाची वाट पाहत उंबऱ्यावर उभी असते. इथे ती उंबरा ओलांडून त्याला आणावयास निघते. एवढ्या एका उलटापालटीने जुना विषय जिवंत झाला आहे. गोष्टीचे दुवे बाहुल्यांच्या सावल्यांतून दाखविले आहेत, राजस्थानी वाड्यांची आठवण देणाऱ्या भिंतींवर पुराणकथा रंगविलेल्या आहेत, आणि मधूनमधून दगडी चाके फिरवून चित्र जुळविण्याची कोडी आहेत. लढाई करून दमलेल्या हाताला हे विसावे फार सुखाचे वाटतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लढाया पुढे पुढे एकसारख्या होतात, आणि शेवट घाईने उरकल्यासारखा, किंबहुना पुढच्या भागासाठी राखून ठेवल्यासारखा वाटतो. इतकी वाट चालून आलेल्या बहिणीला, आणि तिच्याबरोबर आपल्यालाही, रचनाकाराने याहून थोडे अधिक द्यावयास हवे होते. परंतु ‘शेवट अपुरा आहे’ अशी तक्रार करता येणे हाच या खेळाचा बहुमान समजतो मी. पाच-सहा तासांत तो संपतो, बाजार मांडीत नाही, रोज या म्हणत नाही. त्याच्यावर टीका लिहिता येते.

नव्या मुंबईत तयार होऊन २०१६ साली आलेला ‘लुडो किंग’ या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतो. खेळ म्हणजे जुनी पचिसीच. त्यात नवे काही नाही आणि असावे अशी अपेक्षाही नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र त्याने एक काम केले. लेक रायपूरला, जावई नागपुरात अडकलेला, आईबाप तिरोड्याला, आणि चौघांच्या चार सोंगट्या एका पटावर. अशी घरे किती होती हे मोजले नसले तरी आपल्या ओळखीत एखादे तरी होतेच. पटाच्या कडेला जाहिरातींचे दुकान होते, पण ते तेवढे आड येत नव्हते.

आता डाव पुरता काढून टाकून नुसते दुकान ठेवले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावयास नको. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात आपली ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची फिर्याद दिली, आणि पोलिसांनी गोंदियातील एका घराची झडती घेऊन कोट्यवधींची रोकड व सोनेचांदी जप्त केली. खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम. टीकाकाराला त्या हकीगतीतली रचना तेवढी लक्षात घ्यावीशी वाटते: वर्तमानपत्रांत आले त्याप्रमाणे, आरंभी माणूस जिंकत जातो आणि मग हरू लागतो. हा नाटकाचा आराखडा नव्हे, गळाचा आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला त्यात पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. स्पर्धात्मक आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे काढले. ही रेघ ढोबळ आहे हे खरे, पण ती डाव आणि दुकान यांच्या बऱ्याच जवळून जाते. मात्र कायद्याला दिसते ते पैशाचे दुकान. वेळाचे दुकान त्याला दिसत नाही.

आणि वेळाचे दुकान आता महाविद्यालयातही लागले आहे, म्हणून हा विषय घराबाहेर न्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची पेढी काढली. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे नागपूर विद्यापीठाखालच्या आपल्या गोंदियातील महाविद्यालयांतही, २०२४-२५ पासून नवे धोरण आले. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक. एका वर्षाचे किमान ४० जमले की प्रमाणपत्र, दोन वर्षांचे ८० जमले की पदविका, तीन वर्षांचे किमान १२० जमले की पदवी. जमा केलेले श्रेयांक सात वर्षे टिकतात. या योजनेची थट्टा करणे सोपे आहे. मला ते करावयाचे नाही. दुसऱ्या वर्षानंतर लग्न होऊन देवरीला गेलेल्या मुलीची दोन वर्षे पूर्वी पाण्यात जात, ती आता पेढीत राहतील. बाप आजारी पडला म्हणून शेतीला लागलेला मुलगा परत येऊ शकेल. ज्याने ही सोय केली त्याने घरे पाहिली आहेत, असे म्हटले पाहिजे. जुनी तीन तासांची परीक्षा म्हणजे काही सत्ययुग नव्हते. मार्गदर्शिकांचा धंदा तिनेच पोसला.

पण श्रेयांक मोजतो काय? तो तास मोजतो. साहित्याच्या दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात कादंबरी लावली तर तिच्या वाट्याला ३० तास येतात, तिचे चार घटक पडतात, आणि घटक शिकवून होतात. कादंबरी शेवटपर्यंत वाचली गेली की नाही, हे पेढीच्या वहीत उमटत नाही. आमच्याकडे मोजणीचे काम नवे नाही. बिडी वळणारी बाई हजारामागे मजुरी घेते, आणि कारखानदाराइतके काटेकोर मोजणारा माणूस मिळावयाचा नाही. परंतु त्या हजारातली प्रत्येक बिडी पुरी वळलेली, सुताने बांधलेली असते. अर्धवट वळलेली मोजत नाहीत, ती छाटीत जाते. तेथे वस्तू मोजली जाते. इथे वस्तूजवळ घालविलेला वेळ मोजला जातो. पुढे वर्ग, व्यायाम, खेळ, समाजसेवा असे सारेच श्रेयांकांत बसविण्याची सोय झाली आहे, आणि मुले ती भाषा फार लवकर शिकली. ‘त्या विषयात काय आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘तो किती क्रेडिटचा आहे?’ असे विचारले जाते. हा प्रश्न त्यांना महाविद्यालयाने नव्याने शिकविला असे नव्हे. रात्री पडद्यावर ते तो रोजच विचारीत असतात.

उलट बाजूने पाहा. भारतासाठी म्हणून २०२१ मध्ये परत आलेल्या त्या खेळाने अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. तीन तास! परीक्षेच्या पेपरइतकेच. घड्याळाने घातलेला शेवट तो हाच. चौथ्या डावाच्या मध्यावर तो पडला तरी घड्याळाला त्याचे काही नाही. नाटक चौथ्या अंकात असताना कोतवालाने येऊन दिवे मालवावे, त्यातला हा प्रकार. मर्यादा नको असे मी म्हणत नाही. पण ती डावांत सांगितली असती तर खेळणाऱ्याला पटली असती.

कारण घराचा प्रश्न नेमका इथेच येतो. झाडीतली आई स्वयंपाकघरातून हाक मारते, “बाबू, जेवाले ये!” आणि आतून उत्तर येते, “थांब न आई, डाव चालू हाये.” या संवादावरून घरोघर महायुद्धे होतात आणि बाप त्यांत ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करून भर घालतात. वस्तुतः मुलगा खोटे बोलत नसतो. एकट्याने खेळावयाच्या खेळात थांबण्याची कळ असते. ‘राजी’ थांबवून जेवून येता येते, पत्ते पालथे ठेवून उठता येते. शंभर जणांच्या डावात ती कळ ठेवता येत नाही. उठलेल्या गड्यापायी त्याचे तीन सोबती मारले जातात. थांबण्याची कळ ठेवणे न ठेवणे हा रचनेचा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्या माणसाला गोरेगाव तालुक्यातल्या घरी भात किती वाजता वाढतात हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण डाव अर्ध्या तासाचा आहे, हे आईला ठाऊक होऊ शकते. काही शहाण्या घरांनी तसा तह केलाही आहे: हाक मारावयाची ती “हा डाव झाला का ये” अशी, आणि डाव झाला की उठावयाचे. एरवी भांडकुदळ म्हणून ओळखली जाणारी मुले हा तह पाळतात, असे मी पाहिले आहे. त्यांना संपलेली गोष्ट कळते.

तो तह मोडतो तो हंगामाच्या शेवटच्या रात्री. त्या रात्री डाव संपतात, पण मुलगा उठत नाही. पदवी जाईल, पेटी जाईल, महिनाभराचे साठविलेले जाईल, असे तो सांगू लागतो. आईला त्यातले काहीच समजत नाही, कारण ते डावाविषयी नसतेच. ती ताटावर ताट झाकून ठेवते.